डोळा पांढरा झाला म्हणजे बरा झाला असं नाही

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं, की स्टेरॉइडचे डोळ्यात घालायचे थेंब डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घाला आणि उरलेली बाटली टाकून द्या. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यावरच घेतेय. काही पत्रांत खूप भीती आहे आणि काही पत्रांत अजिबातच भीती नाहीये, मला दोन्हीची सारखीच काळजी वाटली. पत्रं थोडी कमी केलीत, नावं कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला डोळ्यांची अ‍ॅलर्जी झाली, भयंकर खाज, डोळे लाल, सतत चोळायचा. डॉक्टरांनी १० दिवसांसाठी ड्रॉप्स दिले आणि दुसऱ्याच दिवशी आराम पडला. मग परत त्रास झाला की मी तेच ड्रॉप्स आणते, कधी आठवडाभर कधी महिना महिना, जुनी चिठ्ठी दाखवली की मिळतात. आता तो म्हणतो फळ्यावरचं नीट दिसत नाही. नंबर लागला असेल का? तुमचं वाक्य वाचून बाटली बघितली तर डेक्सामेथासोन लिहिलंय. मला रात्रभर झोप लागली नाही.

उत्तर : ताई, आधी हे करा. या आठवड्यातच, उद्या जमलं तर उद्याच, मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, बाटली सोबत घ्या आणि दोन वर्षांत अंदाजे किती वेळा किती दिवस घातले ते जसं आठवेल तसं कागदावर लिहून न्या. लपवू नका, ओरडा बसेल म्हणून कमी सांगू नका. तिथे गेल्यावर "नंबर बघा" एवढंच म्हणू नका, "स्टेरॉइड बरेच दिवस चालू होतं, प्रेशर आणि नस बघा" असं स्पष्ट सांगा. कारण नुसता नंबर काढून चष्मा दिला गेला तर खरी गोष्ट मागेच राहून जाईल.

आता का ते सांगते. आपल्या डोळ्यात आतल्या आत एक पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते बाहेर जात असतं. तयार होणं आणि निचरा होणं यांचा मेळ बसलेला असतो म्हणून डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ च्या मध्ये राहतं, रक्तदाबासारखंच हेही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. काही लोकांत स्टेरॉइडमुळे त्या जाळीत बदल होतात, ती तुंबायला लागते, निचरा कमी होतो आणि प्रेशर हळूहळू चढतं, आणि चढलेलं प्रेशर मागच्या, नजर मेंदूकडे नेणाऱ्या नसेला दाबत राहतं, ती नस वाळत जाते. यालाच स्टेरॉइडचा काचबिंदू म्हणतात. आणि या सगळ्यात दुखत काहीच नाही हो. डोळा पांढराशुभ्र असतो, खाज नसते, मूल आनंदात असतं, आणि आई म्हणते ड्रॉप्स किती छान लागू पडलेत. कडेची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत बरं दिसत राहतं, त्यामुळे मूल स्वतःहून काही सांगत नाही. मोठ्या माणसांत प्रेशर चढायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, लहान मुलांत मात्र ते लवकर चढू शकतं आणि जास्तही चढू शकतं.

माझ्याकडे एक १४ वर्षांचा मुलगा आला होता, असाच खाजेचा जुना त्रास असलेला. तक्रार एवढीच, की खेळताना एका बाजूने येणारा बॉल दिसत नाही. प्रेशर ४० च्या वर होतं आणि एका डोळ्याची नस जवळजवळ संपलेली होती. त्या घरात कुणी हयगय केली नव्हती, उलट रोज तीन वेळा घड्याळ लावून प्रेमाने थेंब घातले जात होते. ते आईवडील समोर बसलेत आणि मी सांगतेय, हे मला अजून आठवतं, म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय.

पण घाबरून आधीच काही ठरवून टाकू नका. फळा न दिसण्याची कारणं बरीच असतात. साधा मायनस नंबर असू शकतो. सतत चोळल्याने बुबुळाचा आकार टोकदार होत जातो, केराटोकोनस म्हणतात त्याला, तेही खाजेच्या मुलांत जास्त सापडतं. आणि स्टेरॉइडने मोतीबिंदूही होतो, भिंगाच्या मागच्या बाजूला, अशा मुलांना उजेडात जास्त अंधुक दिसतं. म्हणून डॉक्टर प्रेशर मोजतील, बाहुली मोठी करून नस बघतील, भिंग आणि बुबुळ बघतील. तोवर तुम्ही स्वतःहून नवीन बाटली आणू नका.

अ‍ॅलर्जीचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. वर्णनावरून हा दरवर्षी ठरावीक दिवसांत उफाळणारा प्रकार वाटतो, व्हर्नल म्हणतात, मुलग्यांत जास्त असतो आणि वयात आल्यावर बहुतेकांचा आपोआप शांत होतो. म्हणजे ही काही वर्षं डोळा सांभाळून न्यायचा आहे. त्यासाठी रोजचे थेंब वेगळे असतात, ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनसारखे, यांत स्टेरॉइड नसतं. त्रास जास्त असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं मलम देतात, तेही स्टेरॉइड नाही. यांचा गुण यायला वेळ लागतो, सायक्लोस्पोरिनला तर काही आठवडे जातात, तेवढा धीर धरायला लागतो आणि इथेच आया कंटाळून जुन्या बाटलीकडे वळतात. स्टेरॉइड अशा मुलांनाही लागतंच कधीकधी, पण मोजके दिवस, भडका विझवण्यापुरतं, आणि प्रेशर तपासत. खाज सुटली की स्वच्छ कापडाच्या थंड पाण्यात भिजवलेल्या घड्या ठेवा, चोळू देऊ नका.

प्रश्न : घरात चार-पाच अर्धवट बाटल्या आहेत. त्यातली स्टेरॉइडची कोणती हे आमच्यासारख्यांना कसं कळणार?

उत्तर : कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा, दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांतलं एक जरी दिसलं तर ते स्टेरॉइड. खरी गल्लत होते ती जोड-औषधांत. टोब्रामायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशा अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन एकाच बाटलीत असतं, लोक पहिलं नाव वाचतात आणि म्हणतात हे तर अँटिबायोटिक आहे, घातलं तर काय बिघडतंय. नावाच्या शेवटी नुसतं डी किंवा डेक्स असं काही जोडलेलं असेल तर जास्तच बारकाईने बघा. आणि खरं सांगू का, ओळखता येण्यापेक्षा अर्धवट बाटल्या घरात नसणंच बरं. उघडल्यावर साधारण ४ आठवड्यांनी बहुतेक बाटल्या टाकून द्यायच्या असतात, बाटलीवर वेगळी मुदत असली तर ती पाळा, उघडली त्या दिवसाची तारीख पेनाने वर लिहायची सवय लावा.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन १२ दिवस झाले. एक आठवडा दिवसातून ४ वेळा, मग ३, मग २, मग १ असे थेंब लिहून दिलेत. त्यांना कुणीतरी सांगितलं की हे स्टेरॉइड आहे, याने काचबिंदू होतो, तेव्हापासून ते घालूनच घेत नाहीत. म्हणतात डोळा चांगला आहे, कशाला पाहिजे.

उत्तर : त्यांना हे पत्र वाचून दाखवा. काका, ऑपरेशन म्हणजे डोळ्याला झालेली जखमच आहे, कितीही बारीक असली तरी आत सूज येते, ती सूज उतरवायला हे थेंब दिलेत आणि ते बरोबर दिलेत. आता डोळा चांगला वाटतोय तो त्या थेंबांमुळेच वाटतोय. मध्येच एकदम बंद केले की सूज उलटून येऊ शकते, डोळा परत लाल होतो, दुखतो, मागच्या पडद्याला सूज आली तर नजर परत अंधुक होते. ४-३-२-१ असं उतरवत नेणं यासाठीच असतं, त्यात कोणतीच पायरी गाळायची नाही. तुम्ही ऐकलं ते खोटं नाही, पण मोजके आठवडे, मध्ये तपासणी आणि ठरलेल्या दिवशी बंद, यात धोका फार थोडा राहतो. किती दिवस थेंब बुडाले ते आजच डॉक्टरांना फोन करून सांगा आणि कोणत्या पायरीवरून पुढे जायचं ते तेच ठरवतील. एखादा थेंब विसरला तर आठवल्यावर घालायचा, पण पुढच्या थेंबाची वेळ झालीच असेल तर दोन एकदम नको. आणि घरच्यांनी हे लक्षात ठेवा, ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

प्रश्न : मला डोळे आले होते. बहिणीला मागे असंच झालं होतं तेव्हाचे ड्रॉप्स उरले होते ते घातले. पहिल्या दिवशी लाली निम्मी झाली, बरं वाटलं. आता सहावा दिवस आहे, एकच डोळा परत लाल आहे, उजेड सहन होत नाही, टोचतं आणि धूसर दिसतं. ड्रॉप्स वाढवू का? त्यावर डेक्सा असं काहीतरी लिहिलंय.

उत्तर : वाढवू नका, आणि आजच डोळा दाखवा. हे उत्तर मी तुम्हाला छापून यायच्या आधीच कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी देतेय.

डोळे येण्याची साथ असते ती बहुतेक वेळा व्हायरसची असते, एक ते तीन आठवड्यांत ती आपली आपण जाते, तिला स्टेरॉइड सहसा लागतच नाही. स्टेरॉइड काय करतं तर शरीराचं भांडण थांबवतं. लाली, सूज, पाणी हे सगळं शरीर जंतूशी भांडत असतं त्याचं लक्षण असतं, भांडण थांबलं की डोळा पांढरा होतो, पण जंतू तिथेच असतो आणि त्याला आता अडवणारं कुणी नसतं. साध्या साथीत यामुळे व्हायरस जास्त दिवस रेंगाळतो. पण लाल डोळा म्हणजे दरवेळी साथच असं नाही. नागिणीच्या जवळचा एक हर्पिस नावाचा व्हायरस आहे, त्याने बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी जखम होते, सुरुवातीला दिसायला ती नुसता लाल डोळाच वाटते. त्यावर नुसतं स्टेरॉइड पडलं की ती जखम पसरत जाते. बुरशीचंही तसंच, डोळ्याला झाडाची काडी, पातं, पालापाचोळा लागून दुखायला लागलं असेल तर बुरशीचा संशय असतोच आणि तिथे स्टेरॉइड म्हणजे बुरशीला मोकळं रानच. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या लाल डोळ्याचीही हीच गोष्ट. अशी जखम खोल गेली की बुबुळ पातळ होतं, फुटूसुद्धा शकतं, आणि भरून आली तरी मागे फूल राहतं, ते कायमचं.

डॉक्टर डोळ्यात एक नारिंगी-पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, तेव्हा जखम असेल तर हिरवी चमकते. दोन मिनिटांचं काम आहे ते, पण आपल्या आरशात ते दिसत नाही, फोनवरच्या फोटोतही दिसत नाही आणि काउंटरच्या पलीकडच्या माणसालाही दिसत नाही. लाल डोळ्यात दुखणं, उजेड न सोसणं किंवा धूसर दिसणं यांतलं काहीही असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड घालू नका, कितीही जवळच्या माणसाने प्रेमाने दिलं तरी नको.

प्रश्न : मला युव्हियायटिस आहे, म्हणजे डोळ्याच्या आत सूज येते, वर्षातून दोनदा तरी उठतो. दरवेळी प्रेडनिसोलोन तासातासाला घालायला सांगतात. माझ्या आईला काचबिंदू आहे. मी हे घ्यावं की नाही?

उत्तर : घ्यावं. पण आईच्या काचबिंदूबद्दल तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर आजच सांगा, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

स्टेरॉइडने सगळ्यांचंच प्रेशर वाढत नाही. कॉर्टिसोन या स्टेरॉइडवरच्या कामाला १९५० साली नोबेल मिळालं आणि त्याच दशकात डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही पेशंटचं प्रेशर यामुळे चढतंय. मग १९६० च्या दशकात बेकर आणि आर्माली या दोन डॉक्टरांनी निरोगी लोकांना चार-सहा आठवडे थेंब घालून मोजमाप केलं, त्यात साधारण एक तृतीयांश लोकांचं प्रेशर मध्यम वाढलं आणि शंभरातल्या चार-सहा जणांचं खूपच वाढलं. ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात मात्र बहुतेक सगळ्यांचंच वाढतं, आणि त्यांच्या मुलांना, भावंडांना धोका जास्त असतो. मधुमेह, मोठा मायनस नंबर, संधिवातासारखे आजार आणि लहान वय हेही त्याच यादीत येतात.

पण दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. युव्हियायटिसवर उपचार केला नाही तर बाहुली आतल्या भिंगाला चिकटते, त्या सुजेनेच काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो, नजर जाते. म्हणजे ज्या भीतीने थेंब टाळायचे तेच थेंब टाळल्यामुळे पदरात पडतं. त्यामुळे सुरुवातीला तासातासाला सांगितलं तर तासातासालाच घाला, कमी जोराने ही आग विझत नाही, आणि मग डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवा, कधीकधी उतरवायलाच कितीतरी आठवडे लागतात. तुम्ही फक्त एवढा हट्ट धरायचा की सुरू करताना प्रेशर मोजा, साधारण दोन आठवड्यांनी मोजा आणि चालू असेपर्यंत अधूनमधून मोजत राहा. वाढलंच तर सोबत प्रेशरचे थेंब देता येतात. फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांनी प्रेशर कमी वाढतं, पण आतल्या जोरदार सुजेला ते पुरतीलच असं नाही, तो निर्णय डॉक्टरांवर सोडा. त्रास वारंवार उठत असेल तर स्टेरॉइडचा भार कमी करणारी दुसरी औषधंही असतात, त्याबद्दल जरूर विचारा.

प्रश्न : थेंब घालायची नेमकी पद्धत सांगाल का? माझा अर्धा थेंब गालावरच जातो. आणि हलवून घालायचे का?

उत्तर : हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला, पापणीच्या केसांना, बोटाला कशालाच लागू देऊ नका. डोळ्यात एक थेंब मावायलाच जेमतेम जागा असते, दुसरा थेंब घातला तर तो गालावरच जाणार, त्यामुळे थोडं ओघळलं तर चुकलं असं समजू नका. मग डोळा अलगद मिटा, उघडझाप करू नका, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, तिथून औषध नाकात आणि घशात उतरतं, दाबलं की ते डोळ्यातच राहतं आणि शरीरात कमी जातं. लहान मुलांत तर हे आवर्जून करा. दुसरे थेंब असतील तर मध्ये ५ मिनिटं थांबा, मलम सगळ्यात शेवटी. हलवायचं म्हणाल तर प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट, फ्लुओरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉलचे थेंब यांत औषधाची पूड तळाशी बसते, न हलवता घातलं तर आधी नुसतं पाणी आणि शेवटी गाळ असं होतं, म्हणून दरवेळी चांगली हलवा. डायफ्लुप्रेडनेट दुधासारखं एकजीव असतं, ते हलवावं लागत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल दोघींनी विचारलंय, डोळा आजारी असेपर्यंत लेन्स नकोच.

प्रश्न : पापणीवर इसब आहे, स्किनच्या डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं क्रीम लावतो. हे डोळ्यात थोडंच जातं?

उत्तर : जातं. पापणीची कातडी फार पातळ असते, त्यातून आणि कडेवरून औषध आत पोचतं, महिनोन्‌महिने लावलं तर प्रेशर वाढू शकतं. दम्याचे पंप, नाकातले स्प्रे, गोळ्या यांतही स्टेरॉइड असतं, त्यांचा डोळ्यावरचा धोका थेंबांपेक्षा कमी, पण बराच काळ चालू असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. बंद मात्र आपल्या मनाने करू नका, दम्याचं तर अजिबात नाही.

प्रश्न : मी वय ३४. लेन्समुळे डोळे लाल व्हायचे म्हणून दीड वर्ष एक ड्रॉप्स वापरले, कुणाला न विचारता. आता स्टेरॉइडचा काचबिंदू निघालाय. गेलेली नजर परत येईल का? घरी अजून सांगितलं नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. खोटा धीर देणार नाही, नसेचं जे नुकसान झालंय ते परत येत नाही. पण ड्रॉप्स बंद झाल्यावर बहुतेकांचं प्रेशर काही आठवड्यांत खाली येतं, ज्यांचं येत नाही त्यांना औषधाने, लेसरने किंवा ऑपरेशनने आणता येतं, आणि प्रेशर खाली राहिलं की उरलेली नस वाचते. ३४ व्या वर्षी कळलंय, पुढची कितीतरी वर्षं ती उरलेली नजर तुमच्या कामी येणार आहे, म्हणून प्रेशर नॉर्मल आलं तरी तपासणी सोडू नका, किती महिन्यांनी यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि मोतीबिंदूही सुरू झाला असेल तर त्यामुळे कमी झालेलं दिसणं ऑपरेशनने सुधारतं, दोन्हीतलं किती कशामुळे आहे हे विचारून घ्या. तुम्ही स्वतःला दोष देत बसलात हे पत्रावरून कळतंय. लाल डोळ्याचा त्रास होता, थेंबाने बरं वाटलं, कुणीच थांबवलं नाही. यात लपवण्यासारखं काही नाही.

घरी सांगा. मन हलकं होईल म्हणून तर सांगाच, पण तुमच्या भावंडांना आणि मुलांनाही स्टेरॉइडने असाच त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे आणि हे त्यांना तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही. एका कार्डावर "स्टेरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढतं" एवढं लिहून पाकिटात ठेवा, आणि दाताचा, त्वचेचा, सांध्यांचा, कुठलाही डॉक्टर काही लिहून द्यायला लागला की आधी ते कार्ड पुढे करा.